नळी जात नव्हती तेव्हा

जुलैचा पाऊस होता. कोल्हापूरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेलेला. गगनबावड्याकडून आलेली बाई रात्री उशिरा आमच्याकडे पोचली. पहिलटकरीण, नववा महिना, बीपी १८०/११०, गावाहून येताना वाटेत फिटचा झटका येऊन गेलेला. अंगावर, तोंडावर सूज. पुन्हा फिट येऊ नये म्हणून मॅग्नेशियम सुरू केलं, बीपी थोडं उतरवलं, पण बाळाचे ठोके मंदावू लागले होते. सिझर लगेच करणं भाग होतं.

मी भूलतज्ज्ञ. अशा वेळी मी स्पायनलच देते, म्हणजे मणक्यात सुई घालून कमरेखालची भूल. पण रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट ४० हजारांपर्यंत उतरलेल्या. मणक्यात सुई घातली आणि आत रक्तस्राव झाला, तर पाय कायमचे जायचे. म्हणजे पूर्ण भूल, आणि श्वासासाठी घशातून श्वासनलिकेत नळी. आणि ज्या आजाराने चेहरा सुजतो, त्याच आजाराने घसाही आतून सुजतो.

आधी मास्कने भरपूर ऑक्सिजन दिला. मग झोपेसाठी थायोपेन्टोन, स्नायू सैल पडायला स्कोलिन. घशात पाहायचा लॅरिंगोस्कोप घातला तर एपिग्लॉटिसचं, म्हणजे स्वरयंत्रावरच्या झाकणाचं, टोक तेवढं दिसलं, बाकी सगळं फुगलेलं, लाल. नळीला वाट दाखवणारी बारीक बूजी घेऊन पुन्हा पाहिलं. नाही. पोटुशी बाईचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, फार झपाट्याने उतरतं. पोट फुप्फुसांवर दाबतं आणि शरीराला ऑक्सिजनही जास्त लागतो. मॉनिटरचा सूर खाली खाली जायला लागला.

"मॅडम, ८४," सिस्टर म्हणाल्या.

इथे हात आणखी एकदा प्रयत्न करायला शिवशिवतो. पण प्रत्येक प्रयत्नाने सूज वाढते, रक्त येतं, मग मास्कनेही हवा जाईनाशी होते. मी मोठ्याने म्हटलं, "इंट्युबेशन होत नाही. तीन नंबरची आय-जेल द्या." आय-जेल म्हणजे श्वासनलिकेत न शिरता स्वरयंत्रावर बसणारी श्वासाची नळी. सिस्टरांनी ती आधीच फोडून, जेली लावून ठेवली होती. पोटातलं वर येऊ नये म्हणून गळ्यावर दिलेला दाब क्षणभर सोडायला सांगितला आणि टाळूला घासत ती आत सरकवली. हिला फुगवायचा फुगा नसतो. मऊ तोंड स्वरयंत्रावर बसतं, बस. कॅप्नोग्राफवर उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची चौकोनी लाट उमटली, म्हणजे हवा फुप्फुसात पोचत होती. ८४, ८९, ९६. आय-जेलमधल्याच बाजूच्या वाटेने रायल्स ट्यूब घालून पोटातलं पाणी ओढून घेतलं, कारण आय-जेल श्वसनमार्गाला नळीइतकं संरक्षण देत नाही.

लंडनमध्ये आर्ची ब्रेन यांनी १९८१ मध्ये स्वरयंत्रावर बसणारा पहिला मास्क वापरून पाहिला. त्यातूनच पुढे ही सगळी घराणी निघाली. तालुक्याच्या प्रत्येक ऑपरेशन थिएटरात अशी एक हाताशी हवी, कुलपाच्या कपाटात नव्हे, असं मी जिथे जाते तिथे सांगते.

सर्जन मॅडमनी सुरू केलं. मुलगी झाली, थोड्या वेळाने रडली.

बाहेर सासूबाई उभ्या. "बाळ-बाळंतीण बरी हायती न्हवं?" मी सांगितलं, बाळ बरं आहे, आई दोन दिवस आयसीयूत राहील.

तिला घरी सोडताना कार्डावर मराठीत लिहिलं: घशात नळी घालणं अवघड गेलं, आय-जेल तीन नंबर बसली. नवऱ्याला म्हटलं, "पुढे कधीही, कुठेही भूल द्यायची वेळ आली, तर आधी हे कार्ड दाखवा." त्याने ते दोनदा वाचलं आणि रेशन कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलं.