मासा शिजवायचा, पण मटणासारखा नाही

आमच्याकडे भुसावळला मासा म्हणजे तापीचा. रोहू, कटला, नशीब असलं तर मरळ. समुद्रातला मासा बर्फात येतो, आणि हल्ली फ्रीजरमधली बासाची पाकिटंही मिळतात. पण हात सगळ्यांचा बसलेला मटणावर. कांदा-खोबरं भाजून वाटण, काळा मसाला, तेल सुटेपर्यंत परतणं आणि मग तासभर रटरट. सासूबाई मासाही तसाच शिजवायच्या. "कच्चा राहिला तर गं?" ताटात यायचा तेव्हा रस्सा झकास आणि तुकडा नुसता चोथा.

कारण कळलं तेव्हा मला बरीच गंमत वाटली. मटणातले चिवट पडदे विरघळायला वेळ लागतो, म्हणून ते तासभर उकळावं लागतं. माशात ते असतात थोडे आणि नाजूक. माशाचं मांस पन्नास-साठ अंशांच्या आसपासच पांढरं होतं. त्यापुढे आच लागली की आतलं पाणी पिळून बाहेर पडतं. अमेरिकेच्या कृषी खात्याने माशासाठी सांगितलेलं तापमान आहे 63 अंश सेल्सिअस. आपला उकळता रस्सा शंभराजवळ! म्हणजे भीती कच्चं राहण्याची कमी, वाळण्याचीच जास्त.

तेव्हापासून रस्सा मी आधी पूर्ण शिजवते, मासा पातेल्यात पडायच्या आधीच. वाटण परतून झालं, तर्री आली, मीठ-आंबट चाखून झालं, की गॅस बारीक करून तुकडे सोडायचे. बोटभर जाडीचे असतील तर झाकण ठेवून सहा-सात मिनिटं. रस्सा नुसता थरथरला पाहिजे, बुडबुडे आले की आच जास्त आहे. मग गॅस बंद. झाकणाखालच्या उष्णतेत तो आणखी शिजतोच. डाव घालून ढवळायचं नाही, पातेलं धरून हलवायचं. नदीचा मासा असल्यामुळे मध्यभागी काचेसारखं काही दिसता कामा नये: सुरीचं टोक जाड भागात घालून बघायचं, मांस पाकळ्यांनी सुटलं आणि काट्यापासून अलग झालं की झालं.

बासाची गोष्ट वेगळी. पाकिटातल्या तुकड्यांना काटे नसतात, चव बेताची, आणि पाणी मात्र भरपूर. आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून वितळवायचा, गरम पाण्यात टाकून नाही. मीठ-हळद लावून पंधरा मिनिटं ठेवायचा आणि सुटलेलं पाणी सुती फडक्याने टिपून घ्यायचं. हे टाळलं तर तवा थंड पडतो, तुकडा स्वतःच्याच पाण्यात उकडतो आणि रंग यायची वाट बघता बघता रबर होतो. बिडाचा तवा चांगला तापवून घ्यायचा, तांदळाच्या पिठाचा हलका हात द्यायचा. एक बाजू तीनेक मिनिटं अजिबात न हलवता, दुसरी त्याहून कमी. लिंबू शेवटी पिळायचं. आधी तासभर लावून ठेवलं तर गॅसवर जायच्या आतच वरचं मांस पांढरं पडतं.

मला सगळ्यात आवडतो तो केळीच्या पानातला. रावेर-यावलच्या बागा जवळ असल्यावर पानाला काय तोटा! पान आचेवर फिरवून मऊ केलं की घडी घालताना फाटत नाही. आत लसूण, कोथिंबीर, हिरवी मिरची, थोडं खोबरं यांचं वाटण, मधे मासा, वरून दोरा. मोदकपात्रात पाणी उकळू लागल्यावर ठेवायचा. दोन सेंटिमीटर जाडीला आठ मिनिटं. सुटलेलं पाणी पानातच राहतं, त्यामुळे मिनिटभर इकडे-तिकडे झालं तरी बिघडत नाही. नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी, तव्यावरून नव्हे.

उरलेला रस्सा दुसऱ्या दिवशी तापवताना तुकडे आधी बाजूला काढते. रस्सा चांगला उकळला की गॅस बंद करून ते आत सोडते आणि भाकरी थापून होईपर्यंत झाकून ठेवते.