किमान तापमानाचा रकाना

नागपुरात मे महिन्यात सकाळचे वर्तमानपत्र उघडले की राजकारणाच्याही आधी नजर जाते ती पानाच्या कोपऱ्यातल्या तक्त्याकडे. अकोला, अमरावती, ब्रह्मपुरी, चंद्रपूर, नागपूर, वर्धा अशी विदर्भातली गावे आणि प्रत्येकापुढे दोन आकडे, एक कमाल तापमानाचा आणि एक किमान. पहिल्या आकड्यावर पानटपरीवर चर्चा रंगतात, आणि चंद्रपूरने किंवा ब्रह्मपुरीने आपल्याला मागे टाकले तर, खोटे कशाला सांगा, थोडी चुटपूटही लागते. दुसऱ्या आकड्याकडे सहसा कोणी पाहत नाही. उन्हाळ्याच्या रोजच्या नोंदी ठेवण्याची सवय जडल्यापासून माझे मत मात्र पक्के होत गेले आहे, की उन्हाळा खरोखर कसा चालला आहे हे विचारायचे असेल तर त्या दुसऱ्या रकान्यालाच विचारावे.

घराच्या उत्तरेकडच्या व्हरांड्यात, जिथे थेट ऊन येत नाही अशा भिंतीवर, इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराचा कमाल-किमान तापमापक टांगलेला आहे. त्याच्या नळीत पारा पुढे सरकताना दोन बारीक लोखंडी काड्या ढकलत नेतो आणि स्वतः मागे फिरला तरी त्या काड्या जिथल्या तिथे अडकून राहतात. त्यांची खालची टोके वाचायची, वहीत आकडे लिहायचे आणि मग लहानशा लोहचुंबकाने काड्या ओढून पुन्हा पाऱ्याला टेकवायच्या, एवढेच काम. हवामान खात्याच्या वेधशाळांत सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच या मुख्य वेळा असतात, म्हणून मीही त्याच पाळतो. रात्रीचा नीचांक बहुधा सूर्योदयाच्या सुमारास आणि दिवसाचा उच्चांक दुपारी अडीच-तीननंतर येऊन गेलेला असतो, त्यामुळे या दोन वेळांना वही उघडली की दोन्ही आकडे तयार मिळतात.

संध्याकाळी अंगणात पाणी मारणारे शेजारचे काका कुंपणावरून विचारतात, ‘‘काय भाऊ, आज किती?’’

‘‘त्रेचाळीस पॉइंट चार, काका.’’

‘‘फक्त? मले तर अठ्ठेचाळीस वाटून राहिलं!’’

काकांचे म्हणणे खोटे नसते. वेधशाळेचा आकडा सावलीतल्या हवेचा असतो. झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, पेटीचे दार उत्तरेकडे ठेवून तो घेतला जातो, आणि काका त्या वेळी डांबरी रस्त्यावरून, तापलेल्या स्कूटरवर बसून घरी आलेले असतात. तोंडाला दुपट्टा बांधलेला असला तरी डांबराची झळ खालून लागते ती लागतेच. उपकरणे बिघडतात तेव्हा तर काकांच्याही वरताण आकडे निघतात. २०२४च्या मे महिन्याच्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने चक्क ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. मग हवामान खात्याने संवेदक बिघडल्याचे स्पष्ट केले. त्या आकड्याची शंका यायला वेधशाळेत जायची गरज नव्हती, कारण शहराचा नोंदलेला उच्चांक मे २०१३ मधला ४७.९ अंशांचा आहे आणि उच्चांक मोडले तरी एकदम आठ अंशांनी मोडत नाहीत.

उष्णतेच्या लाटेचे निकषही मुख्यतः कमाल तापमानाभोवतीच फिरतात. मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंश असावे आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असावे, किंवा सरळ ४५ अंशांवर जावे. किनाऱ्यावर मात्र ३७ अंशांपासूनच विचार सुरू होतो, ज्याची आमच्याकडे जरा थट्टाच होते, कारण मे महिन्यात ३७ अंश म्हणजे नागपूरकराला गारवा. पण याच नियमावलीत ‘उष्ण रात्र’ असाही एक प्रकार आहे. दिवसाचे तापमान चाळीस किंवा त्याहून अधिक असताना रात्रीचे तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा त्याहून अधिक चढले, तर ती उष्ण रात्र. निकष करणाऱ्यांना तरी झोपेची किंमत कळलेली दिसते.

दिवसा ४५ अंश झाले तरी आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असेल तर गावाबाहेरच्या काळ्या जमिनीची उष्णता रात्री झपाट्याने निघून जाते आणि पहाटे अंगावर चादर नसली तरी निदान घाम नसतो. शहरात सिमेंटच्या स्लॅबांनी दिवसभर साठवलेली उष्णता मध्यरात्रीपर्यंत घरात उतरत राहते. भिंतीला हात लावला तर रात्री अकरालाही ती कोमट लागते. पूर्वी गच्चीवर पाणी मारून तिथेच अंथरुणे टाकण्याची पद्धत होती, ती यासाठीच. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की नवतपा लागतो आणि त्या नऊ दिवसांत ढग आले तर जुनी माणसे नाराज होतात, कारण नवतपा तापला तर पाऊस बरा होतो अशी समजूत आहे. पावसाचे काय ते पाऊस जाणे. माझ्या वहीत एवढेच दिसते की ढगाळ दिवशी कमाल तापमान दोन-तीन अंशांनी उतरते आणि त्याच रात्री किमान तापमान तेवढेच वर चढते. वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी दिलासा मिळाल्याचे छापते आणि आम्ही ते जांभया देत वाचतो.

वहीत आणखी एक रकाना आहे आणि तो विदर्भातल्या प्रत्येक घरात असायला हवा. साध्या तापमापकाच्या फुग्याला मलमलीची चिंधी गुंडाळून तिचे टोक पाण्याच्या बाटलीत सोडले की पाणी उडताना फुगा थंड होतो आणि तापमापक हवेपेक्षा कमी आकडा दाखवतो. हवा जितकी कोरडी, तितका हा फरक मोठा. आमचा कूलर म्हणजे खिडकीत बसवलेला हाच ओल्या चिंधीचा तापमापक आहे. वूडवूलच्या किंवा वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी ओघळते, पंखा त्यातून हवा ओढतो आणि हवा ओल्या आकड्याच्या दिशेने उतरते, पण त्याच्या खाली कधीच जात नाही. मे महिन्याच्या मध्यावर रात्री हवा ३० अंश आणि चिंधी २० अंश असेल तर कूलरसमोर झोपणाऱ्याला पहाटे पाय पोटाशी घ्यावे लागतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात हवा तीच ३० अंशांची असते, पण बाष्प वाढल्यामुळे चिंधी २६ वर गेलेली असते, आणि तोच कूलर, त्याच ताट्या, तेच पाणी असूनही खोलीत नुसता दमटपणा भरतो, उशीला ओल्या ताट्यांचा वास येतो आणि बरणीतले मीठ पाझरू लागते. तोवर कमाल तापमान चाळिशीच्या खाली आलेले असल्याने तक्ता आतल्या पानावर गेलेला असतो.

या दिवसांत मी रात्री कूलरचा पंप बंद करतो, खिडक्या उघडतो आणि नुसता पंखा चालवतो. ओल्या आणि कोरड्या आकड्यांतला फरक पाच अंशांच्या आत आला की पाणी सोडण्यात अर्थ नाही, हे वही दाखवून मी घरात अनेकदा समजावले आहे. मात्र कूलरची टाकी भरण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे या सिद्धान्ताकडे घरात अजूनही संशयानेच पाहिले जाते.