मोल्सवर्थांच्या ढालीचा शोध

यंदाच्या मराठी भाषा दिनाला आमच्या मंडळाने जेम्स थॉमस मोल्सवर्थ यांच्यावर एक फलक करायचं ठरवलं. इंग्लंडमधल्या मराठी माणसांनी त्यांची आठवण ठेवायची नाही तर कुणी? १८१२ मध्ये कंपनी सरकारच्या फौजेत दाखल झालेला हा मुलगा मराठी शिकला. पुढे जॉर्ज आणि थॉमस कँडी या जुळ्या भावांना आणि कितीतरी शास्त्र्यांना सोबत घेऊन १८३१ मध्ये त्याने मराठी-इंग्रजी कोश उभा केला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीचं पुण्याच्या शुभदा-सारस्वतने काढलेलं पुनर्मुद्रण माझ्या टेबलावर कायम उघडं असतं.

फलकावर लावायला एका सभासदांनी इंटरनेटवरून ‘मोल्सवर्थ घराण्याचं चिन्ह’ विकत आणलं. जाड चकचकीत कागद, मधोमध लाल ढाल (इंग्रज घराण्यांची चिन्हं अशी ढालीवर काढतात), तिच्यावर मुकुट आणि खाली आडनावाचा चार ओळींचा इतिहास. दिसायला छान होतं. पण ज्याने एकेका मराठी शब्दाचे अर्थ पारखून घेतले, त्याच्या फलकावर न पारखलेली गोष्ट लावायला माझं मन धजेना. “आधी तपासून घेऊ या,” असं मी बैठकीत म्हटलं आणि ते काम साहजिकच माझ्याकडे आलं.

आडनावाचा भाग लवकर सुटला. मोल्सवर्थ हे गाव हंटिंग्डनच्या पश्चिमेला आहे. पूर्वी हंटिंग्डनशरमध्ये होतं, आता केंब्रिजशरमध्ये मोडतं. १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे विजेत्या विल्यमने करवून घेतलेल्या जमीन-मोजणीच्या दप्तरात, त्याची नोंद आहे. ‘वर्थ’ म्हणजे कुंपण घातलेली वस्ती, आणि आधीचा भाग हे कुणा सॅक्सन माणसाचं नाव. वर्ड्‌स्वर्थ, बोस्वर्थ, एल्सवर्थ ही सगळी त्याच घडणीची नावं. माणूस गाव सोडून दुसरीकडे गेला की तिथले लोक त्याला त्याच्या गावाच्या नावाने ओळखू लागतात. सातारकर किंवा पेडणेकर असणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. एकाच गावातून वेगवेगळ्या काळी निघालेल्या, एकमेकांच्या नात्यात नसलेल्या माणसांनाही तेच आडनाव मिळू शकतं. हे आधी ध्यानात आलं म्हणून पुढचं सगळं समजणं मला सोपं गेलं.

एका शनिवारी गाडी काढून गावही पाहून आले. ए-१४ वरून आत वळलं की शेतं आणि मोजकी घरं लागतात. सेंट पीटरच्या जुन्या चर्चमध्ये बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणाऱ्या सेंट ख्रिस्तोफरचं मध्ययुगीन भित्तिचित्र आहे. रंग विटले आहेत, तरी बघत राहावंसं वाटतं. इंग्लंडमध्ये हे नाव बहुतेकांना इथल्या हवाई तळामुळे ठाऊक असतं, कारण १९८० च्या दशकात क्रूझ क्षेपणास्त्रांच्या विरोधात इथे मोठी निदर्शनं झाली.

ढालीचं काम मात्र किचकट निघालं. बर्नार्ड बर्क यांच्या १८८४ च्या ‘जनरल आर्मरी’ या जाडजूड ग्रंथात आडनावांच्या क्रमाने ढालींची वर्णनं आहेत. वर्णनाची भाषा जुन्या फ्रेंच वळणाची, पण इतकी नेमकी की चित्र न बघता चित्र काढता यावं. मोल्सवर्थांची ढाल अशी: लाल पृष्ठभाग, मध्ये एक छोटी ढाल ‘व्हेअर’ची आणि तिच्याभोवती कडेने आठ सोनेरी क्रूस. हे क्रूस साधे नाहीत. प्रत्येकाच्या चारही टोकांना आणखी एक आडवी रेघ असते, म्हणजे एका क्रूसातून चार छोटे क्रूस फुटल्यासारखे दिसतात.

‘व्हेअर’पाशी मी बराच वेळ रमले. ही मुळात खारीची कातडी. पाठीकडची बाजू निळसर करडी, पोटाकडची पांढरी. अशी कातडी आळीपाळीने शिवून सरदारांच्या झग्यांना अस्तर लावत. ढालीवर त्याचं रूप म्हणजे निळ्या आणि पांढऱ्या घंटांच्या ओळी: निळ्या सुलट, त्यांच्या मधल्या पांढऱ्या उलट्या. पट्टी-पेन्सिल घेऊन मी स्वतः काढायला बसले. दोन घंटांमधलं अंतर जरा चुकलं की सगळी ओळ कलते. विकतच्या चित्रात ती मधली ढाल नुसती निळी रंगवली होती, आणि एवढ्यानेच ती मोल्सवर्थांची राहिली नव्हती. झेरॉक्स काळी-पांढरी काढायची असेल तर त्याचीही जुनी सोय आहे. उभ्या रेघा म्हणजे लाल, आडव्या म्हणजे निळा, ठिपके म्हणजे सोनेरी. सतराव्या शतकापासून छापील पुस्तकांत रंग असेच दाखवत आले आहेत.

विकतच्या चित्रातला मुकुटही मी मोजून पाहिला. रिमवर रुपेरी गोळे, समोरून दिसणारे नऊ. हा व्हायकाउंटचा, म्हणजे एका दर्जाच्या उमरावाचा मुकुट, खरे गोळे सोळा असतात. मोल्सवर्थ आडनावाचे व्हायकाउंट आहेत, ते पद १७१६ मधलं. पहिले व्हायकाउंट रॉबर्ट मोल्सवर्थ हे राजकारणी आणि लेखक. त्यांचा मुलगा रिचर्ड याने १७०६ च्या रामीयीच्या लढाईत घोड्यावरून पडलेल्या सेनापती मार्लबरोला स्वतःचा घोडा दिला. कॉर्नवॉलमध्ये पेंकॅरो इथली दुसरी शाखा बॅरोनेटांची, म्हणजे उमरावांच्या खालोखालचा वंशपरंपरेचा किताब असलेल्यांची, १६८९ पासूनची. दोघांची ढाल मुळात एकच. पण मुकुट फक्त पदावर बसलेल्या माणसाचा. आपले कोशकार व्हायकाउंट नव्हते, तेव्हा तो फलकावर लावायचा प्रश्नच नव्हता.

मग उरली ढाल. ती कुणाची, हे अशा ढालींची नोंद ठेवणाऱ्या लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्सच्या नियमांवरून ठरतं. तिसऱ्या रिचर्डने १४८४ मध्ये या संस्थेला सनद दिली. आज ती सेंट पॉल्सजवळ क्वीन व्हिक्टोरिया स्ट्रीटवर आहे आणि सार्वजनिक चौकशीला उत्तर द्यायला तिथे पाळीपाळीने एक अधिकारी असतो. नियम अगदी सरळ आहे. ढाल आडनावाला मिळत नाही, माणसाला मिळते. त्याच्यापासून बापाकडून मुलाकडे अशा औरस पुरुष-परंपरेने ती पुढे जाते. आडनाव तेच असलं तरी ही साखळी कागदोपत्री सिद्ध करता आली नाही तर हक्क नाही. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत हेरल्ड, म्हणजे या संस्थेचे अधिकारी, परगण्या-परगण्यांत फिरून हे हक्क तपासत आणि वंशावळी टिपून घेत. त्या वह्या आजही वंशावळीच्या अभ्यासकांना उपयोगी पडतात.

लोक याबाबत किती हळवे होते, हे स्क्रोप आणि ग्रोव्हनर या दोन घराण्यांच्या खटल्यात दिसतं. निळ्या ढालीवर सोनेरी तिरका पट्टा, हे एकच चिन्ह दोघेही वापरत. १३८५ मध्ये सुरू झालेला तंटा १३९० पर्यंत चालला. साक्षीदारांत कवी जेफ्री चॉसरही होते. लंडनच्या फ्रायडे स्ट्रीटवर एका सराईबाहेर ती ढाल टांगलेली दिसली म्हणून आपण विचारलं, स्क्रोपांची आहे का, तेव्हा ग्रोव्हनरांची असल्याचं कळलं, अशी साक्ष त्यांनी दिली. ढाल अखेर स्क्रोपांकडे राहिली. ग्रोव्हनरांनी मग सोनेरी गव्हाची पेंढी घेतली. आजही त्याच घराण्यातल्या वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकच्या ढालीवर ती दिसते.

कोशकारांच्या नावाखाली ढाल लावायची तर साखळी मागे न्यावी लागणार होती. इंग्लंडमध्ये जन्माची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. मोल्सवर्थ १७९५ चे, म्हणजे बाप्तिस्म्याची नोंद चर्चच्या वह्यांत पाहायची. या वह्या १५३८ पासून ठेवल्या जात. कंपनीच्या फौजेत जाणाऱ्या मुलांचे प्रवेशाचे कागद ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस संग्रहात आहेत आणि त्यांना बहुधा बाप्तिस्म्याचा दाखला जोडलेला असतो. १८५८ पूर्वीची मृत्युपत्रं धर्मपीठांच्या न्यायालयांत सिद्ध होत. त्यांतलं कँटरबरीच्या न्यायालयाचं दप्तर लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्‌जमध्ये आहे. एकेका पिढीला असे दोन-तीन पुरावे हवेत. सत्तावीस फेब्रुवारी जवळ येत होती आणि असं काम घाईत उरकण्यासारखं नाही.

मंडळाच्या बैठकीत मी हे सगळं मांडलं. चित्र आणणारे काका थोडे नाराज झाले. मग म्हणाले, “बाई, तुम्ही हाताने काढलेली ती ढाल तरी लावा, नीट काय ते लिहून.” तसंच केलं. फलकाच्या मध्यभागी १८५७ च्या कोशातलं एक पान मोठं करून लावलं. ढाल खालच्या कोपऱ्यात, मुकुटाशिवाय. तिच्याखाली लिहिलं: ‘पेंकॅरोचे बॅरोनेट आणि व्हायकाउंट मोल्सवर्थ यांची ढाल. आडनाव हंटिंग्डनशरमधल्या मोल्सवर्थ गावावरून.’ लोक त्या घंटांविषयी विचारत होते, लहान मुलं क्रूस मोजत होती. मोठ्यांची गर्दी कोशाच्या पानापाशी होती. आपल्या गावाकडचा एखादा शब्द त्यात सापडतो का, हे जो तो बोट फिरवून बघत होता.

एक-दोघांनी नंतर विचारलं की आपल्या इंग्रज सुनेच्या किंवा जावयाच्या आडनावाची ढाल कशी शोधायची. त्यांना मी एवढंच सांगितलं: आडनावावरून सुरुवात करू नका, घरातल्या सर्वांत वयस्क माणसाच्या जन्मदाखल्यापासून करा आणि एकेक पिढी मागे जा. ढाल असलीच तर वाटेत भेटेल.