पितळ जातं बुडातून

“मामा, मी पुंगळी दर वेळी तोंडाशी कापतो, मग ती बुडाशी का फाटते?” भाच्याने फोनवर हे विचारलं त्याला सहा वर्षं झाली. तो अमेरिकेत असतो. कागदी लक्ष्यावर रायफलने नेम धरण्याचा त्याला नाद आहे, आणि तिकडच्या अनेक नेमबाजांसारखा तोही वापरलेल्या पितळी पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची रिकामी कवचं, घरी पुन्हा भरतो. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा इथे कुणी हे करून बघू नये. पण त्याने पाठवलेला पुंगळीच्या उभ्या छेदाचा फोटो मी मुलांना शिकवताना दाखवतो, आणि दर वेळी कुणीतरी भाच्याचाच प्रश्न विचारतं. परवा तुम्हीही विचारलात, म्हणून नीट लिहितो.

मी तांबटाच्या घरातला. जुन्या नाशकात ठोक्यांच्या आवाजात वाढलो आणि पुढे सातपूरला प्रेस शॉपमध्ये तीस वर्षं पितळेचे पत्रे ओढून त्यांचे खोल कप काढले. पुंगळीही तशीच जन्मते. सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त असलेल्या पितळेची चकती घ्यायची, दाबून वाटी करायची, भट्टीत मऊ करायची, पुन्हा ओढायची. असं करत ती लांब होते. मग तोंडाकडे खांदा आणि मान काढतात. आमच्या बाजारातल्या अरुंद गळ्याच्या गडूसारखाच आकार, पण बूड मुद्दाम जाड आणि कडक ठेवलेलं, मान मुद्दाम मऊ. हा फरक लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर आहे.

काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, बसतं तेव्हा भोवती थोडी मोकळी जागा असतेच, नाहीतर ते आत जाणारच नाही. बार उडाला की हवेच्या दाबाच्या साडेतीन-चार हजार पट दाब क्षणभर आत उठतो. पुढची भिंत पातळ, ती फुगून चेंबरला घट्ट धरते. बूड जाड, ते फुगत नाही, मागे सरकून बोल्टवर, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्यावर, टेकतं. पुढचा भाग अडकलेला, मागचा ढकललेला, म्हणजे ओढाताण होते ती मधल्या पट्ट्याची. बुडाचं जाड पितळ संपून भिंत सुरू होते त्याच्या थोडं पुढे. तिथली भिंत दर बाराला जराशी पातळ होते.

मग भाचा ती पुंगळी डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून मूळ मापाला आणतो. अंग आवळलं की पितळाला जायला वाट एकच, पुढे. मान लांबते. त्याच्या काडतुसाची, .३०८ विंचेस्टरची, पुंगळी ५१.१८ मिलिमीटरपेक्षा लांब असू नये, म्हणून तो ती ५०.९३ पर्यंत कापतो. तोंडाशी जो पितळेचा चुरा पडतो, तो आला कुठून? नवं पितळ तर कुणी घातलेलं नाही. चुऱ्यातला कण बुडाजवळचा नसेल, पण हिशोब तिथलाच आहे. तुम्ही तोंडाशी कापता आणि भिंत बुडाशी झिजते. सहा वर्षांपूर्वी त्याला एवढंच सांगितलं, आणि एक पुंगळी उभी कापून बघ म्हटलं. फोटोत आतल्या बाजूला, बुडाच्या वर, एक खाच स्पष्ट दिसत होती. बाहेरून तिथे फक्त चकचकीत कडं होतं.

हे कडं दिसलं की पुंगळी फेकायची. मानेला चीर गेली तर ती डोळ्यांना दिसते आणि सहसा थोडक्यात निभावते. बूड तुटलं तर दाबलेला गरम वायू मागे, नेमबाजाच्या तोंडाकडे येऊ शकतो. म्हणून कडं दिसायची वाट न बघता बारीक तारेला टोकाशी आकडा करून ती आतून भिंतीवरून ओढतात. खाचेत टोक अडकलं की हाताला कळतं. माझे वडील हंड्याच्या आतून बोट फिरवून कुठे पातळ झालंय ते सांगायचे, त्याच जातीची ही परीक्षा.

इथे मुलं हमखास म्हणतात, “सर, ताव द्यायचा ना, म्हणजे तापवायचं, मऊ होईल.” मी चौदा वर्षांचा असताना हीच चूक उलट्या बाजूने केली. हंड्याचा काठ ओढत होतो, वडील बाहेर गेले होते, भट्टी पुन्हा पेटवायचा कंटाळा आला. थंड पितळावरच ठोके देत राहिलो. ते ताठत गेलं आणि काठ चिरला. वडील आल्यावर रागावले नाहीत. त्यांनी चिरलेला काठ माझ्या हातात दिला आणि दुसरा तुकडा लाल करून पाण्यात बुडवला. लोखंड (म्हणजे पोलाद) असं विझवलं की कडक होतं. तांबं-पितळ मऊच राहतं. दोन्ही तुकडे वाकवायला लावले. तो फरक अजून बोटांत आहे.

तावाने मऊपणा परत येतो. जाडी येत नाही. म्हणून पुंगळीला ताव देतात तो फक्त मानेला आणि खांद्याला, कारण तिथलं पितळ वारंवार फुगून-आवळून ताठ होतं. बुडाला आच लागू द्यायची नाही. मऊ बूड दाब सोसणार नाही. जुने लोक पुंगळी पाण्यात उभी करून वरून ज्योत देत, ती याचसाठी.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. वापर न होताही पितळ चिरतं का? चिरतं, आणि ही गोष्ट आपल्याच हवेतली आहे. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात साठ्यात पडल्या-पडल्या चिरायची. त्याला नावच पडलं सीझन क्रॅकिंग. घोड्यांच्या तबेल्याजवळचा अमोनिया, दमट हवा आणि ओढकामात पितळात राहून गेलेला ताण, या तिन्हींची गाठ पडली की चीर. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये हे उलगडून दाखवलं. उपाय साधा आहे: कडकपणा उतरणार नाही इतपतच गरम करून आतला ताण सोडवणं. आमच्या कारखान्यात एका पावसाळ्यात मुतारीच्या भिंतीलगत रचलेले पितळी कप आठवड्याभरात उभे चिरले होते. पत्रा खराब म्हणून माल परत करायची तयारी चालली होती. मी रचायची जागा बदलायला लावली आणि ओढकामानंतर हलकी भट्टी सुरू करवली. तेव्हापासून अमोनियाचा वास आला की मी आधी पितळ कुठे आहे ते बघतो.

मग एक पुंगळी किती वेळा चालते? आकडा मागू नका, तो रायफलीवर अवलंबून आहे. जुन्या ली-एनफिल्ड रायफलीचं .३०३ काडतूस बुडाच्या कडेवर टेकून बसतं, खांद्याशी जागा सैल असते, आणि त्या रायफलीचा बोल्ट मागच्या बाजूला अडकतो, म्हणून बार होताना थोडा दबतो. तिथे पितळ लवकर ताणतं. भाच्याच्या रायफलीत डाय इतकीच खाली बसवायची की खांदा केसाच्या जाडीपेक्षाही कमी मागे जाईल. आधी तो डाय पार टेकेपर्यंत फिरवत असे, दर वेळी खांदा गरजेपेक्षा मागे ढकलत असे, आणि पुढच्या बाराला पितळ तेवढंच ताणलं जाई. बुडाशी फाटायचं खरं कारण हे होतं.

आता तो एकत्र विकत घेतलेल्या पुंगळ्या एकत्रच ठेवतो, कितव्यांदा भरल्या ते डब्यावर लिहितो, आणि दर काही फेऱ्यांनी त्यातली एक उभी कापून मला फोटो पाठवतो. मागच्या महिन्यातल्या फोटोत आतली भिंत बुडापासून खांद्यापर्यंत सरळ उतरत गेली होती. कुठे खाच नाही. मी फोटो मोठा करून दोनदा बघितला आणि त्याला फोन लावला.