आमच्या ह्यांचे दीडशे रुपये

आमच्या ह्यांनी विकिपीडियाला दीडशे रुपये दिले. मला न विचारता. संध्याकाळी चहा घेताना सांगितलं, तेही पेपरवाल्याचं बिल भागवल्यासारखं. कोयना धरणाचं काहीतरी शोधत होते, तर पानावर देणगी मागणारी भली मोठी पाटी आली. ''बरंच अडचणीत दिसतंय तुमचं. म्हटलं बंद पडायच्या आत देऊन टाकावं.''

'तुमचं' म्हणजे माझं. बारा वर्षं मी मराठी विकिपीडियावर लिहिते आहे. एका मराठी भाषा दिनाच्या कार्यशाळेला मैत्रिणीसोबत चहाबिस्किटांसाठी म्हणून गेले आणि अडकले. आमच्या जिल्ह्यातली देवळं, घाट, ओढ्यांवरचे जुने पूल, आणि कुणीतरी 'अमुक हे तमुक तालुक्यातील एक गाव आहे' एवढंच लिहून सोडून दिलेली गावांची असंख्य पानं, हे माझं क्षेत्र. एका पैशाची प्राप्ती नाही, अपेक्षाही नाही. त्यावर ह्यांचं म्हणणं, ''म्हणजे तू फुकट राबायचं आणि वर मी पैसे पण द्यायचे?''

मी एकतीस वर्षं बँकेत काढली आणि आता गावातल्या वाचनालयाची खजिनदार आहे. ताळेबंद दिसला की हात शिवशिवतात. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनचा लेखापरीक्षित अहवाल कुणालाही वाचता येतो, हे त्यांचं चांगलं. मी वाचला. जून २०२३ला संपलेल्या वर्षात उत्पन्न सुमारे १८ कोटी डॉलर, खर्च सुमारे १७ कोटी. त्यातले १० कोटींच्या वर पगारांवर. आणि सर्व्हर, इंटरनेट वगैरे, म्हणजे लोकांना वाटतं की आपले दीडशे रुपये तिकडे जातात, ते? ३१ लाख डॉलर. शिल्लक मालमत्ता २५ कोटींच्या पुढे. शिवाय कायमनिधी वेगळाच. तो २०१६ साली सुरू केला, दहा वर्षांत दहा कोटी डॉलर जमवू म्हणाले आणि २०२१मध्येच जमवून मोकळे झाले.

ह्यांना मी एवढंच सांगितलं, ''बंदबिंद काही पडत नाहीये.'' ह्यांचा चेहरा रिक्षावाल्याने जास्त पैसे घेतल्यावर होतो तसा झाला.

पण इथे थांबलं तर फाउंडेशनवर अन्याय होईल. सर्व्हरचा खर्च तेवढा खरा आणि पगार म्हणजे उधळपट्टी, असं समाजमाध्यमांवर जे फिरतं ते बँकेतल्या माणसाला पटणार नाही. आमच्या शाखेचं विजेचं बिल पगारापुढे किती होतं? वकील लागतात, संगणक अभियंते लागतात. २०२४ साली एएनआय या वृत्तसंस्थेने दिल्ली उच्च न्यायालयात फाउंडेशनवर दोन कोटी रुपयांचा बदनामीचा दावा लावला आणि संपादक, म्हणजे पान लिहिणारे, कोण आहेत ते सांगा म्हणून मागणी केली, तेव्हा आम्हा फुकट्या संपादकांच्या पोटात गोळा आला होता. त्या खटल्याविषयीचं पानच काढायला लावलं होतं. पान उतरवण्याचा तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५मध्ये रद्द केला. निकाल देणाऱ्या खंडपीठात आपले न्यायमूर्ती अभय ओक होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत इंग्रजी विकिपीडियावरच्या छत्रपती संभाजी महाराजांच्या पानावरून महाराष्ट्र सायबर या पोलिसांच्या विभागाने नोटीस काढली, पुढे काही संपादकांवर गुन्हाही दाखल झाला. मी तर देवळांवर लिहिणारी बाई, पण चार दिवस लॉग इन करताना बिचकत होते. अशा वेळी पाठीशी कुणीतरी पगारी वकील उभा आहे, याची किंमत मला कळते.

गंगाजळी हवीच, हेही मान्य. ज्ञानकोशकार केतकरांनी शंभर वर्षांपूर्वी ज्ञानकोशासाठी नागपुरात कंपनी काढली, तिचे भाग विकले, वर्गणीदार मिळवले आणि तेवीस खंड पुरे केले. मागे निधी मात्र राहिला नाही. मग आमच्याच जिल्ह्यात, वाईला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींचा विश्वकोश सरकारी पैशावर उभा राहिला. पहिला खंड यायला १९७६ उजाडलं. जाहिरातींचा मार्ग विकिपीडियाने सुरुवातीलाच बंद केला, आणि तोही संपादकांनी भांडून. २००२मध्ये नुसती जाहिरातींची भाषा ऐकून स्पॅनिश संपादक उठले आणि सेव्हियाच्या विद्यापीठात स्वतःचा वेगळा ज्ञानकोश घेऊन बसले. काही महिन्यांत विकिपीडियाच्या पत्त्यातलं 'डॉट कॉम' जाऊन 'डॉट ऑर्ग' आलं. तर भाग नाही, सरकार नाही, जाहिरात नाही. उरतं काय? झोळी.

झोळीला माझी ना नाही. आमचं वाचनालय 'ब' वर्गात आहे आणि शासनाचं अनुदान कधी येईल ते ग्रंथपालालाही ठाऊक नसतं, त्यामुळे मी दारोदार फिरलेली आहे. पण बँकेत मुदतठेव असताना 'वाचनालयाला कुलूप लागेल हो' असं मी कुणाच्या दारात म्हटलेलं नाही. 'पुढची पाच वर्षं निश्चिंत राहायचं आहे म्हणून द्या' असं सांगितलं तरी लोक देतात. थोडं कमी देतात, इतकंच.

हे काही मी एकटीच म्हणते असं नाही. २०२२च्या नोव्हेंबरात इंग्रजी विकिपीडियाच्या संपादकांनी त्या पाट्यांच्या मजकुरावर कौल घेतला आणि बहुमताने सांगितलं की हे असलं आमच्या पानांवर लावू नका. फाउंडेशनला मजकूर बदलावा लागला. त्या चर्चेत एक मुद्दा वारंवार येत होता, तो मला फार लागला: वाचकाला वाटतं आपण लिहिणाऱ्यांना पैसे देतोय. ह्यांनाही तसंच वाटलं होतं, अर्धवट.

माझं खरं भांडण पैशाशी नाहीच. आमच्या वाचनालयात जो वर्गणी भरतो तो सभासद. सभासद मत देतो, माझा जमाखर्च मंजूर करतो किंवा हाणून पाडतो. फाउंडेशनला सभासद नाहीतच. घटनेतच नाहीत. पैसे देणाऱ्याला मत नाही. आमच्यासारखे संपादक विश्वस्त मंडळाच्या काही जागांसाठी मतदान करतात, पण अंतिम नेमणूक मंडळ करतं आणि काढूही शकतं. डिसेंबर २०१५मध्ये जेम्स हाइलमन या कॅनडाच्या डॉक्टरांना, संपादकांच्या मतांवर निवडून आलेल्या विश्वस्ताला, मंडळाने काढून टाकलं. २०१७मध्ये संपादकांनी त्यांना पुन्हा निवडून पाठवलं. सहकारी बँकांच्या निवडणुका जवळून पाहिलेल्या माणसाला यात काही नवल वाटायचं नाही, पण निदान आमच्याकडे हॉलमध्ये खुर्च्या तरी सरकतात.

न विचारता ठरवलं की काय होतं, त्याचं उदाहरण पुण्याचं आहे. मी तेव्हा या फंदात नव्हते, नंतर जुन्या चर्चा उकरून वाचल्या. २०११मध्ये फाउंडेशनने पुण्यातल्या काही महाविद्यालयांत विद्यार्थ्यांकडून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहून घेण्याचा उपक्रम सुरू केला. हजारेक मुलं. गुण मिळणार म्हटल्यावर मुलांनी काय करावं? पुस्तकं, संकेतस्थळं, मिळेल तिथून उतारेच्या उतारे चिकटवले. प्रताधिकाराचा हा घोळ निस्तरला कुणी? जगभरच्या बिनपगारी संपादकांनी, रात्री जागून, एकेक परिच्छेद शोधून. नोव्हेंबरपर्यंत उपक्रम गुंडाळला. मुलांना मी दोष देत नाही. 'स्वतःच्या शब्दांत लिहा' हे आपल्याकडे परीक्षेत छापलेलं असतं, शिकवलेलं नसतं. पण ज्यांना मागाहून झाडू मारायचा होता त्यांना आधी विचारलं असतं, तर त्यांनी पहिल्या आठवड्यातच सांगितलं असतं.

भारतात फाउंडेशनची मान्यता असलेली एक संस्था होती, विकिमीडिया इंडिया. २०१९मध्ये तीही मान्यता गेली. परदेशी पैसा घ्यायचे परवाने वगैरे कागद जमले नाहीत. आता ह्यांचे दीडशे थेट सॅन फ्रान्सिस्कोला, फाउंडेशनकडे. करसवलतीसाठी ८०जीची पावतीसुद्धा नाही, हे ऐकल्यावर ह्यांना खरा धक्का बसला.

इकडे आमच्या चावडीवर (मराठी विकिपीडियावर चर्चेच्या पानाला चावडीच म्हणतात, आपोआप कामं उरकणाऱ्या बॉटला सांगकाम्या, सरावाच्या पानाला धूळपाटी. या नावांवर माझा जीव आहे) नियमित येणारी माणसं दोन हातांच्या बोटांवर मोजावीत. कौल लावला तर चार मतं पडतात. लोकशाहीचं म्हणाल तर आमचंही फार बरं चाललेलं नाही.

हे सगळं मनात घोळत असतानाच वाचनालयाची वार्षिक सभा आली. विषय पाचवा, वर्गणीत महिना दहा रुपये वाढ. मी उभी राहून जमाखर्च वाचला. मागच्या रांगेतून एक निवृत्त मास्तर उठले. ''बाई, ताळेबंदात मुदतठेव दिसतीय. मग वाढ कशाला?''

मी घोटभर पाणी प्यायले. मग अनुदानाचं, छपराचं, ग्रंथपालाच्या पगाराचं, सगळं सांगत बसले. चाळीस मिनिटं गेली. मास्तरांचं समाधान झालं नाही. ठराव एकोणीस विरुद्ध सातने मंजूर झाला, सातात मास्तर. जाताना त्यांनी दिवाळी अंकांच्या यादीत पहिलं नाव घातलं आणि वाढीव दहा रुपये टेबलावर ठेवून पावती मागितली.

घरी आले तर हे मोबाइल पुढे करून बसलेले. फाउंडेशनची मेल आली होती, मागच्या मदतीबद्दल आभार आणि यंदाही काही जमेल का म्हणून.

''देऊ का?'' हे म्हणाले.

''तुमचे पैसे, तुम्ही ठरवा,'' मी म्हटलं. ''पण त्या कोयनेच्या पानावर तुम्हाला काय सापडलं नव्हतं, ते आधी सांगा.''