“माईक बंद कर”

एप्रिलमध्ये आम्हा साऊंडवाल्यांना झोप नसते. त्या रात्री गोवंडीतल्या एका वस्तीत भीमजयंतीचा जलसा होता. लोकांना वाटतं, स्पीकर मोठे आणले की भागलं. पत्र्याच्या घरांत आवाज उसळतो. जितका वाढवाल तितका शब्द फाटतो, आणि जलशात शब्दच कळला नाही तर राहिलं काय? म्हणून मी बेस कापतो. ढोलकीला दोन्ही तोंडांशी वेगळा माईक लावतो. हलगीला देतच नाही, शेकलेली हलगी सगळ्यांना पुरून उरते. डीजेवाल्या पोरांना हे सांगण्यात अर्थ नाही, त्यांना छाती हादरवायची असते.

स्टेजवर बाबासाहेबांशेजारी शाहीर विलास घोगरेंचा फोटो होता. घाटकोपरचं रमाबाई नगर इथून लांब नाही. ११ जुलै १९९७ ला तिथं पोलिसांच्या गोळीबारात १० माणसं गेली आणि चार दिवसांनी घोगरेंनी गळफास घेतला. आमचे शाहीर फोटोला हात लावल्याशिवाय तोंड उघडत नाहीत.

पुढच्या रांगेत ‘भावी नगरसेवक’. खर्च त्यांचा. साडेनऊच्या सुमारास शाहिरांनी चालू कवन सोडलं आणि थेट वस्तीच्या संडासावर आले. तो चालवणारी संस्था भावींच्याच माणसांची.

“अकराला कुलूप लागतं बाई, पोटाला कुठलं घड्याळ?
पास भरलाय महिन्याचा, तरी उजाडू दे म्हणं सकाळ!”

मागच्या बायका आधी तोंडाला पदर लावून हसल्या, मग टाळ्यांवर ओळ धरली. एक कार्यकर्ता मिक्सरवर वाकला. “दादा, माईक बंद कर.”

“दहापर्यंत परवानगी आहे, साहेब.”

“बिल कोण देतंय?” म्हणत त्यानंच शाहिरांच्या माईकचा आवाज कमी-जास्त करणारा फेडर खाली ओढला. मागे ओळ धरणाऱ्या झीलकऱ्यांचे माईक वेगळे असतात हे त्याच्या गावीही नव्हतं. झीलकरणीनं ओळ उचलली, ती आणखी वरच्या पट्टीत.

आठवड्यात रात्रीचं कुलूप निघालं. शाहीर म्हणतात, कवनानं काढलं. माझा हेल्पर त्याच वस्तीतला, त्याची आई म्हणते, “निवडणूक जवळ आलीय, दुसरं काय!” मला दोन्ही पुरतं पटत नाही. बायकांनी अर्ज आधीही दिले होते, त्यांवर पोचेचे शिक्के आहेत. कवनात अर्जापेक्षा नवं काही नव्हतं, पण ते चारचौघांत, माणसाच्या तोंडावर गायलं गेलं. ही लाज मतदानानंतर किती टिकते ते बघायचंय.

निम्मं बिल अजून यायचंय. फोन केला की “तुमचा तो शाहीर…” एवढं बोलून ठेवून देतात.