गोडसे भटजींची कावड

आज साताऱ्यात दिवसभर पावसाची झड होती आणि अजिंक्यतारा ढगात बुडालेला होता. म्हणून यवतेश्वर घाटाने कासला जाण्याचा बेत मोडून वाचनालयात बसलो आणि विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ बऱ्याच वर्षांनी पुन्हा हाती घेतले.

वरसईचा हा भिक्षुक, बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल आणि घरचे कर्ज फिटेल एवढ्याच आशेने १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाला, वाटेत त्याला बंडाची बातमी लागली, आणि पुढे झाशीला वेढा पडला तेव्हा तो शहरातच होता. लढायांची वर्णने इतरत्रही वाचायला मिळतात. परंतु लुटला गेलेला, भेदरलेला आणि तरीही वाटेतल्या तीर्थांची, माणसांची, जेवणावळींची नोंद मनात ठेवणारा साक्षीदार क्वचितच भेटतो.

मला सर्वांत अधिक गुंतवते ती त्याची कावड. मिळवलेले धन गेले, तरी गंगाजल खांद्यावरून कोकणात आणून त्याने आईवडिलांना स्नान घातले. आपण कासला जाताना पाण्याची बाटली जड झाली म्हणून कुरकुरतो!

चिंतामणराव वैद्यांनी हे पुस्तक १९०७ मध्ये छापले, पण भाषेवर बराच हात फिरवून. मूळ पाठ दत्तो वामन पोतदारांमुळे १९६६ मध्ये वाचकांसमोर आला. माझ्या मते वाचावा तो हाच पाठ, कारण त्यातल्या ओबडधोबड वाक्यांत चालणाऱ्याचा श्वास ऐकू येतो. झाशीपर्यंत पोहोचलो आणि वाचनालय बंद होण्याची वेळ झाली.